न विरघळलेली गोळी

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय हिंदुराव देसले, व्यासपीठावरचे मान्यवर, कंपनीतले सहकारी, अंबरनाथ-बदलापूरहून आलेले बंधुभगिनी, आणि ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण जमलो त्या डॉ. अंजनी शेजवळ, सर्वांना नमस्कार. मी डॉक्टर उमा, उल्हासनगरात क्षयरोग्यांचा दवाखाना चालवते. मला ताईंच्या संशोधनावर बोलायला सांगितलंय. पण त्या संशोधनाची जी किंमत त्यांच्या घराने दिली, ती वगळून कसं बोलू?

ताईंचे वडील हरिचंद्रराव अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात होते. त्यांची मुलगी स्फटिकांवर क्ष-किरण सोडून आतली बांधणी ओळखायला शिकली, डॉक्टरेट घेऊन या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आली. तिथली पहिली बाई. बाहेरचे पाहुणे त्यांच्याकडे चहा मागायचे. हसू नका, खरंच मागायचे.

चौऱ्याऐंशी साली माझे रोगी नियमित गोळ्या घेऊनही खंगत चालले. मी त्या गोळ्या ताईंकडे नेल्या. त्यांचा चेहरा उतरला. विठ्ठलवाडीला त्यांचा धाकटा भाऊ आनंदा त्याच गोळ्यांवर होता, आणि त्या ताईंनीच आणून दिल्या होत्या.

त्यांनी तपासलं. औषध खरं, मात्रा बरोबर. पण नव्या मालात स्फटिकाची बांधणी बदलली होती. रेणू तेच, मात्र असे घट्ट रचलेले की पोटात विरघळतच नव्हते. औषध अंगी लागणार कुठून?

आनंदाला आम्ही लगेच दुसरं औषध सुरू केलं, पण उशीर झाला होता. तो गेला त्या दिवशी, बुद्धवंदना आटोपल्यावर, आई द्रौपदाबाईंनी माझ्यादेखत विचारलं, "तुझ्याच कारखान्याच्या ना गं त्या गोळ्या?"

"हो, आई," ताई म्हणाल्या.

मात्रा बरोबर आहे म्हणजे गोळीत दोष नाही, यावरच तेव्हाचे मॅनेजर अडून बसले होते. ताईंनी त्यांच्या टेबलावर दोन ग्लास ठेवले, पोटात असतं तसं आंबट पाणी घालून. जुनी गोळी विरघळली. नव्या गोळीचा भुगा तळाशी बसला. साहेबांनी दोन्ही ग्लास बाजूला सारले. मग म्हणाले, आपण आतल्या आत निस्तरू, बाहेर बोलू नका.

"माझ्या घरात बोलून झालंय," ताई म्हणाल्या, आणि सरकारी औषध खात्याकडे गेल्या.

माल परत मागवला गेला. तोवर माझे किती रोगी आजाराने गेले आणि किती त्या गोळीमुळे, हे मला आजही सांगता येत नाही.

पुढे ताईंची बढती अडली. गोदामाशेजारच्या खोलीत त्यांना बसवलं. तिथेच त्यांनी योग्य स्फटिक कसा घडवायचा आणि तो तसाच कसा टिकवायचा, हे शोधून काढलं. आज ते औषध त्यांच्याच पद्धतीने बनतं आणि माझे रोगी बरे होतात. द्रौपदाबाईंनी मात्र अखेरच्या आजारातही लेकीच्या हातून एकही गोळी घेतली नाही. ती शेजारणीने द्यावी लागे, आणि ताई दाराबाहेर उभ्या राहत.

काल मी विचारलं, भाषणात काय सांगू? त्या म्हणाल्या, "गोळी आता विरघळते, एवढंच सांगा."

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आपली ऋणी आहे. बोलण्यात काही उणं राहिलं असेल तर सभेने सांभाळून घ्यावं. जास्त बोलले, त्याची क्षमा ताई, तुमच्याकडे मागते.