तोंडाला वयाची अट

चारठाण्याच्या शिवानीचे पत्र येऊन महिना उलटला होता. ‘सर, तुम्ही वर्षानुवर्षे रक्त दिलंत. आमच्या रक्तदान शिबिरात दोन शब्द बोला.’ निवृत्त ग्रंथपाल बसलिंगअप्पांना सुईची भीती कधी वाटली नाही, माईकची मात्र वाटे. उत्तर राहूनच गेले. पिंगळी स्टेशनच्या बाकावर ते पुस्तकात डोके घालून बसले होते, तोच शेजारी एक म्हातारे जोडपे येऊन टेकले.

“आवो, तोंड पाडून किती येळ बसायलाव?”

“डॉक्टरीनबाईनं माघारी धाडलं, सुमनबाई. पासष्ट उलटले म्हने, आता रगत घेता येत न्हाई.”

“मंग? खोटं हाय का?”

“माझं रगत काय नासलंय?”

“नासलं न्हाई, रिटायर झालं.”

“हास तू. मी पैल्यांदा द्यायला गेलो तवा लय रडली व्हतीस.”

“आन् तुमी? सुई बघून माझा पदर धरला व्हता. त्योच किस्सा सांगा की गावातल्या पोरायला.”

“हासतील ना!”

“हासू द्या. हासत हासत येतील रगत द्यायला. तोंडाला कुठं वयाची अट हाय?”

“आन् बोलताना चुकलो तर?”

“घरी रोज चुकताव. मी काय घराभाईर काढलं?”

गाडी आली. बसलिंगअप्पांनी डब्यात बसल्या बसल्या, पुस्तकात खूण म्हणून ठेवलेल्या कोऱ्या पोस्टकार्डावर लिहिले, ‘येतो. चुकलो तर हसा.’

परभणीला उतरून त्यांनी ते पेटीत टाकले. मग खरेच आत पडले ना, म्हणून पेटीच्या तोंडात बोटे घालून दोनदा चाचपून पाहिले.