बिनपोच्याची पिंपं

...न्हाय न्हाय, हसू नका पावणं, एकदा सरकारी टेंडर भरून बगा आनि मग हसा! आन् कचेरी कंची ते इचारू नका, मी सांगनार न्हाय, भितीला कान असत्यात. पेपरात नोटीस आली, शाळास्नी पानी प्यायची पिंपं पायजेत, जस्ती पत्र्याची, तोटीसकट, एकशे ऐंशी नग, आनि खाली काय लिवलंय? ‘स्थानिक लघुउद्योगांना प्राधान्य.’ प्राधान्य! मला? अवो, आजवर रेशनच्या रांगेत कुनी पुढं जाऊ दिलं न्हाय, आनि सरकार उठून उद्यमनगरात ह्या सयाजीचं बादल्यांचं शेड हुडकत आलं? मला तवाच संशय आलता!

मग भरलंस कशाला, म्हनशीला. भरू नको तर काय करू? बाहत्तरचा दुष्काळ सरून वरीस झालं तरी शेतकरी बादली घेताना धा दुकानं फिरायचा आनि शेवटी जुनीलाच डाग लावून न्यायचा. शेडात आमचा जोतीराम मिस्त्री आनि तीन गडी पत्तं कुटत बसल्यालं. ही आर्डर मिळाली तर ठीक, न्हायतर शेडला कुलूप आनि सयाजी परत नेसरीला, थोरल्या भावाच्या हाताखाली बैलं हाकाय! आनि त्यो थोरला म्हंजे... निघतानाच म्हनला हुता, “जा जा, पत्रा बडवून कुनाचं पोट भरलंय?” त्येच्या म्होरं तोंड खाली घालून जायाचं? त्यापरास टेंडर बरं की!

आता ह्यात एक बाळासो. अकरा वर्सं सरकारात बादली म्हना, पेटी म्हना, पत्र्याचं जे जाईल ते बाळासोचं. टेंडर टाकाय गेलतो तर हा बाबा फाटकातच हुबा, पांढरीफेक टोपी, “या सयाजीराव, या या! नवी मानसं याय पायजेत की धंद्यात!” आनि च्या पाजला. सोताच्या पैशानं! ज्येच्या पोटावर पाय द्याय आलोय त्यो मला मलईचा च्या पाजतोय? मला तवाच संशय आलता! त्येनं घोट घेतल्याबिगर मी कपाला तोंड लावलं न्हाय.

पाकिटाला सात जाग्यावर लाख लावली हुती. पेटीत टाकलं आनि पेटीम्होरंच बसलो. कारकून म्हनला, “ओ, जावा की आता, पेटीला कुलूप हाय.” म्हटलं, किल्ली कुनाकडं हाय? “सायबाकडं.” आनि सायेब कुनाकडं हाय? कारकून माझ्याकडं बगतोय आनि मी पेटीकडं बगतोय, असं चार तास!

पर खरी मेख पुढंच हाय. टेंडरबरोबर एक पिंप नमुना म्हनून द्यायचं. त्ये कचेरी सील करून ठेवनार, आनि माल आला की नमुन्याशी ताडून बगनार. नमुना कचेरीच्या ताब्यात! म्हंजे बाळासोनं शिपायाला दोन रुपय दिलं, माझं चांगलं पिंप बाहीर काडलं, गळकं आत ठिवलं, की मी मेलो का न्हाय? सांगा की! म्हनून मी काय केलं, नमुना द्यायच्या आदी पिंपाच्या मागल्या अंगाला, तळाजवळ, हातोडीचा एक टोला हानला. लिंबाएवडा पोचा. हजार पिंपात माझं पिंप वळखाय येनार! जोतीराम कळवळला, “मालक, बारशाच्या पोराच्या कुनी थोबाडीत मारतंय व्हय?” म्हटलं, गप, दिष्ट लागू ने म्हनून तीट लावलीया.

आनि टेंडर फुटलं... मलाच! माझाच भाव कमी! बाळासोनं सगळ्यांम्होरं हात हातात घेतला, “अबिनंदन!” तुमीच सांगा, हरल्याला मानूस हसतोय कशाला? मला तवाच संशय आलता!

सायेब नवं हुतं, त्र्यंबकराव. वाळका मानूस, जाड भिंगाचा चष्मा, पानी बी घरनं तांब्यात घेऊन येनार. पेढ्याचा पुडा घेऊन गेलो तर म्हनतात कसं, “हे काय आहे?” म्हटलं, पेढं हायत सायेब, गोड माना. “मला चालत नाहीत. घेऊन जा. आणि ‘पुडा परत मिळाला’ म्हणून इथं सही करा.” सही! पेढ्याची! अवो, पेढा खात न्हाय त्यो मानूस काय खात असंल, ह्या काळजीनं माझी झोप उडाली.

मार्चात माल तयार झाला. एकशे ऐंशी पिंपं, कुटं वरखाडा न्हाय, उन्हात आरशागत चमकत्यात. दोन ट्रक भरून कचेरीच्या आवारात उतरलो. सायबांनी नमुना मागवला. सील शाबूत. मी पळत जाऊन मागनं बगितलं, पोचा माझाच! नमुना कुनी बदलला न्हवता! एवडा आनंद झाला पावणं, शिपायाला मिठी मारायची तेवडी बाकी ठिवली.

आनि सायेब एकेका पिंपामागं उकिडवं बसाय लागलं. हात फिरवत्यात, पुढं जात्यात. शेवटी रजिस्टर उघडलं आनि वाचलं, “मंजूर नमुना. मागील बाजूस, तळापासून चार इंचांवर, गोल खोलगट भाग, एक. तुमच्या मालात तो दिसत नाही.”

म्हटलं, सायेब, त्यो पोचा हाय.

“तुम्ही त्याला काहीही म्हणा. नमुन्यात आहे, मालात नाही. माल परत न्या. एकतीस तारखेच्या आत नमुन्याबरहुकूम आणा, नाहीतर तुमचं नाव काळ्या यादीत जाईल.” वर चष्म्यातनं बगून इचारत्यात, “पण तो आहे कशासाठी?”

आता काय सांगू? सायेब, तुमची कचेरी चोर हाय असं वाटलं म्हनून? तोंडातनं निगालं, “सायेब... त्येनं पिंप भितीला नीट टेकून बसतंय.”

“अस्सं? कल्पना चांगली आहे. मग तर सगळ्यांना हवाच.”

दोन दिस! दोन दिस शेडात आमी नव्या कोऱ्या पिंपास्नी पोचं पाडत हुतो! जोतीरामच्या डोळ्याला पानी, “मालक, तीस वर्सं ह्या हातानं लोकांच्या भांड्याचं पोचं काडलं वो...” प्रत्येक टोल्याला माझ्या काळजात कळ याची, खोटं न्हाय सांगत. आनि तिकडं कचेरीत सायेब पट्टी घेऊन बसल्यालं, दोन पिंपांचं पोचं जादा खोल निगालं म्हनून परत! पर एकतीसला माल पास झाला. शेड वाचलं. नेसरीची बैलं लांब ऱ्हायली. म्हटलं, सुटलो.

कशाचं सुटलो! पिंपं गेली मलकापूरला, गडहिंग्लजला, गावोगावच्या शाळात. गुरुजींनी गोणपाट सोडलं आनि बोंब उठली, “नवं कोरं पिंप, आनि पोचा आल्यालं!” एक न्हाय, एकशे ऐंशी! झालं, चौकात, पानपट्टीत, हाटेलात एकच, “सयाजीनं भंगार खपवलं की रं! सायबाला किती चारलं असंल?” थोरला भाऊ नेसरीस्नं येश्टी धरून आला, आयुष्यात पैल्यांदा पाठ थोपटली, “शिकलास म्हनायचं!” आनि बाळासो... बाळासोनं मला बाजूला घेतलं, “सयाजीराव, अकरा वर्सं झाली, पोचा आल्याली एक बादली मला पास करून घ्याय जमली न्हाय. खरं सांगा, किती दिलं?”

अंबाबाईची आन घेतली, एक पैसा दिला न्हाय, त्यो मानूस पेढा बी खात न्हाय! लोक काय म्हनत्यात? “पेढा कशाला खातोय, त्येला नोटा पायजेत.” आनि गंमत बगा, गिऱ्हाईक वाढलं! कचेरीत ह्येचं वजन हाय म्हनून मानसं शेडावर याय लागली. मला तवाच... न्हाय, ह्याचा मातुर मला कवा संशय आला न्हवता.

परवा जेवाय बसलो, तर आमची कारभारीन झुंबरबाई दार लोटून म्होरं बसली. “अवो, लोकांचं ऱ्हाऊ द्या, मला तरी सांगा. किती दिलं?” सगळं सांगितलं. पोचा सांगितला, पट्टी सांगितली, पेढ्याची सही सांगितली. तिनं पदर डोळ्याला लावला, “म्हंजे आता घरात बी खोटं बोलाय लागला?” दोन दिस अबोला. ताटात आमटी याची, बोलनं न्हाय. तिसऱ्या दिशी माझा धीर सुटला. त्या देवमानसाची मनातल्या मनात माफी मागितली, वाईट वाटलं पावणं, लई वाईट वाटलं... आनि म्हटलं, “पाचशे.”

तिचं तोंड कसं उजळलं! भातावर तुपाची धार धरली. आनि ती धार मधीच थांबली.

“पाचशेच? एवड्या मोठ्या सायबाला? गाव तर पाच हजार म्हनतंय!” माझ्याकडं रोखून बगत म्हनली, “मग बाकीचं पैसं तुमी कुटं ठिवल्यात?”