मुलाला आलेली मागणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सगळ्यांचे राजारामकाका, मंडळाचे कार्यवाह अतुल पिंगळे, व्यासपीठावर विराजमान असलेले सत्कारमूर्ती श्री. कुराता आणि सौ. कुराता, समोर बसलेल्या भगिनींनो, बंधूंनो, आणि मागच्या रांगेत फोनमध्ये बुडालेल्या बालमित्रांनो,

डब्लिनच्या मराठी मंडळाने एका जपानी जोडप्याला निरोप द्यावा, हा योग दुर्मीळच म्हणायचा. पण यांना न ओळखणारं इथं कोण आहे? मागे गणपतीच्या महाप्रसादाच्या दिवशी या हॉलचा स्टोव्ह बंद पडला, तेव्हा आपला सगळा भात यांच्या रेस्टॉरंटच्या किचनमध्ये शिजला होता. त्या भाताबद्दल राजारामकाका अजूनही बोलतात. वरणाबद्दल ते बोलत नाहीत, कारण वरण आमच्या घरून आलं होतं.

अतुल मला म्हणाला, विनय, तू ऋषीचा बाबा, तेव्हा तूच बोल, आणि कृपा करून चांगलं बोल. मी प्रयत्न करतो. माझा मुलगा ऋषी सॉफ्टवेअरची नोकरी सोडून कुराता-सानच्या हाताखाली स्वयंपाक शिकला, हे आपण जाणताच. आपण 'राव' लावतो तसं ते 'सान' लावतात. आत्ता ऋषी त्यांच्या शेजारी बसून माझं भाषण त्यांच्या कानात जपानीत सांगतोय. बघा, किती झरझर. हा मुलगा लहानपणापासून माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देत आला, आणि यांच्यासाठी जपानी शिकला. तेव्हा मंडळी, आडपडदा न ठेवता सांगतो, मला या माणसाचा हेवा वाटतो. ऋषी, हेही सांग. हं, सांगितलं वाटतं. कुराता-सान मान लववताहेत.

हेवा कशाचा, असं आपण विचाराल. एप्रिलमध्ये यांनी मला आणि माझ्या बायकोला, सीमाला, जेवायला बोलावलं होतं. ज्यांनी ती जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. डेंटिस्ट आणि लॉन्ड्री यांच्या मधलं एक साधं दार, आत लाकडी काउंटर आणि मोजक्या खुर्च्या. हे रांधतात, सौ. कुराता वाढतात, त्यांची बहीण दाराशी उभी असते. मेनूकार्ड नाही. त्या घरानं जे ठरवलं असेल ते लहान लहान वाट्यांतून एकामागून एक पुढ्यात येतं. आपल्या पंगतीसारखा आग्रह नाही, दुसऱ्यांदा वाढणं नाही. मी पहिल्याच वाटीनंतर सवयीनं हात आडवा धरून 'पुरे, पुरे' म्हणालो, तर सौ. कुरातांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, मला आवडलं नाही.

मग सूप आलं. त्याचं झाकण वाटीला असं घट्ट बसलेलं की मी ओढतोय आणि ते निघत नाही. ऋषी काउंटरमागून आला, वाटीच्या कडा दोन बोटांनी हलकेच दाबल्या आणि झाकण सुटलं. मला 'प्लीज' म्हणाला, जणू मी कोणी परका पाहुणा. सीमा मासे खात नाही म्हणून तिचं सूप वेगळं होतं, समुद्रातलं शेवाळ आणि वाळवलेलं मशरूम उकळून केलेलं. ते ऋषीनं केलं होतं. कुराता-साननी ते चमचाभर चाखलं आणि मीठ पुरे का, हे ऋषीला विचारलं. म्हणजे गुरूनं शिष्याला विचारलं. आमच्या घरी त्याला फार तर 'मीठ पुढे कर' असं म्हणतात.

पुढे जे पाहिलं त्यानं तर माझं जेवणातलं लक्षच उडालं. कुराता-सान मागे न बघता नुसता हात मागे करायचे, आणि त्या हातात हवी ती वस्तू यायची. कधी सुरी, कधी फडकं, कधी बशी. मध्ये एक शब्द नाही. मी घरी रिमोटसाठी तीन हाका मारतो, तेव्हा कुठे कानातलं ते यंत्र निघतं आणि 'व्हॉट?' येतं. वांग्याचा पदार्थ उत्तम होता, मासा तर काय सांगू, पण खरं सांगतो, माझी नजर त्या हातांवरच होती. माझ्या जागेवर दुसराच कोणी बसला होता, आणि ती जागा त्याला शोभतही होती.

शेवटी मातीच्या भांड्यातला भात आला, सोबत लोणचं. आपण भातानं सुरुवात करतो, ते भातावर थांबतात. मग कुराता-सान हात पुसत बाहेर आले, माझ्यासमोर वाकले आणि बराच वेळ जपानीत बोलले. ऋषी कानापर्यंत लाल झाला होता.

म्हणाला, "डॅड, धिस इज सो ऑकवर्ड. ही इज आस्किंग यू फॉर मी."

प्रकार असा होता. यांची मुलगी सिॲटलला नर्स आहे, तिला हा व्याप नको. यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. रेस्टॉरंट यांच्या वडिलांनी सुरू केलेलं, ते परक्याला विकायचं नाही. तेव्हा ऋषीनं या घरचा मुलगा म्हणून ते पुढे चालवावं. ऋषी तयार होता. पण बापाला विचारल्याशिवाय मुलाचा होकार मी धरणार नाही, असं कुराता-सान म्हणाले. म्हणजे लग्नाच्या मुलीला घालतात तशी माझ्या मुलाला मागणी आली होती, आणि वधुपिता मी.

वधुपित्यानं अशा वेळी काय म्हणायचं असतं? मी म्हणालो, "विचार करून कळवतो."

हसलात, म्हणजे अर्थ कळला. पण माझा तसा नकार नव्हता हो. आणखी थोडे दिवस तो फक्त माझा असावा, एवढंच वाटत होतं. कुराता-सान वाकले, आत गेले, आणि पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. मला वाटलं, सबुरीचा माणूस आहे.

गेल्या महिन्यात अतुलचा ग्रुपवर मेसेज आला, की रेस्टॉरंट बंद झालं, कुराता पती-पत्नी सिॲटलला चालले, निरोप समारंभ करूया. मी ऋषीला विचारलं, हे काय? तो शांतपणे म्हणाला, "डॅड, यू सेड नो." मी म्हटलं, अरे, मी विचार करून कळवतो म्हणालो होतो. तर म्हणाला, "दे से इट टू. मीन्स द सेम थिंग."

आता याला काय म्हणावं? या माणसाचं आणि माझं एकमत व्हायचं, तेही नेमकं याच बाबतीत.

तेव्हापासून ऋषी संध्याकाळी घरी असतो. बेसमेंटमध्ये लॅपटॉपवर नोकरीचे अर्ज भरतो. परवा मी हाक मारली, तर पहिल्या हाकेला आला. मला आनंद व्हायला हवा होता. पण तो समोर उभा राहिला आणि मी त्याच्या हातांकडे पाहिलं. ते नुसते खाली लोंबत होते. मला हवा होता तसा मुलगा मला परत मिळाला होता, आणि मला तो बघवेना.

सीमा म्हणाली, आत्ताच्या आत्ता फोन करा त्यांना. मी म्हटलं, मागणीचा होकार फोनवर देत नाहीत, चार माणसांसमोर देतात. रेस्टॉरंटच्या जागेचं लीज महिनाअखेरपर्यंत आहे, हे मी चौकशी करून आलोय. तेव्हा राजारामकाका, आपली परवानगी गृहीत धरतो, ती शाल आणि नारळ जरा बाजूला ठेवा.

कुराता-सान, विचार करून झाला. माझा होकार आहे. ऋषी तुमचं रेस्टॉरंट चालवेल, तुमच्या घरचा मुलगा म्हणून चालवेल.

ऋषी, थांबलास का? सांग त्यांना. सांग रे, आम्हाला घाई नाही.

सांगितलं. कुराता-सान, उठू नका, गुडघे सांभाळा. एवढं संपवून मीच येतो तिकडे.

माझा हेवा गेला, असं मात्र कुणी समजू नये. उद्यापासून गावात 'कुरातांचा ऋषी' म्हणतील, आणि तो शब्द दर वेळी मला बोचेल. ऋषी, आता पुढचं त्यांना सांगायचं नाही, हे तुझ्यापुरतं आहे. सुरी धरायला तू त्यांच्याकडून शिकलास, उद्या त्यांचं दुकानही घे, त्यांचं नावही लाव. पण तुझ्याशी मराठीत बोलणारा बाप या जगात एकच आहे, आणि ती जागा मी कुणालाही देणार नाही. उत्तर तू हव्या त्या भाषेत दे.

मंडळानं मला बोलायची संधी दिली, आणि भलत्याच वळणाला गेलेलं हे भाषण आपण सगळ्यांनी इतकं शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. निरोपाचा समारंभ मोडला, अतुलची कार्यक्रमपत्रिका वाया गेली, आणखीही काही अधिकउणं बोललो असेन, त्या सगळ्याबद्दल मंडळानं मला उदार मनानं क्षमा करावी. कुराता-सानची क्षमा मात्र मी मागत नाही. माझा मुलगा नेलाय त्यांनी, एवढं तर त्यांनी ऐकून घ्यायलाच हवं.