तानबाजीचं जांभूळ-चूर्ण

हाव, हेच घर तानबाजीचं — बसा ना भाऊ, वर्ध्यावरून एसटीत धक्के खात आले, पाणी तं घ्या! चूर्णासाठीच आले ना? मले माहीत. माह्या नवऱ्यानं मार्केटले कापूस नेला का भाव राह्यते बाजूले, चूर्णाचंच पुराण. "गोळीले हात नाई लावला, जांभळाच्या बियायनं शुगर उतरवली" — असंच म्हणाले ना? छाती ठोकून सांगतेत! बिया मी वेचतो, वाळवतो, कुटतो, वरून अर्जुनाची साल, दिलाले चांगली म्हणतेत — कंबर माही मोडते, नाव त्यायचं. घ्या, डबाच घेऊन जा. कोणासाठी पाह्यजे? मायसाठी? — काय म्हणता? गोळ्या बंद केल्या? काऊन? आमच्या ह्यायचं ऐकून? बाप्पा बाप्पा! चार दिवस झाले? आन् चक्कर येऊन राह्यली?

ठेवा तो डबा खाली. ठेवा म्हणतो ना!

ते वावरातून यायच्या आंधी ऐका. गोळी म्हटली का त्यायले अपमान वाटते — "मी का बिमार हाओ?" दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या नालीत फेकल्या! मंग मी का करू? रोज सकाळी गोळी कुटतो, त्यायच्या चमच्यातल्या चूर्णात मिसळवतो. डॉक्टरीणबाईले विचारूनच बरं, ही गोळी कुटली तं चालते का म्हणून. दोन वर्षं झाले! चूर्ण कडू, गोळी कडू, त्यायले का समजते — मिशीवर हात फिरवतेत आन् मी पदरात तोंड घालून हसतो. पोरीलेही नाई सांगितलं, तुमालेच सांगून राह्यली. अन् भेवही वाटते भाऊ. त्यायले कळलं तं चमचाच फेकून देतीन, मंग माहा माणूस मी कुठून आणू? आजवर वाटे, चूर्णानं कोणाचं का बिघडते? नेऊ द्या लोकायले. पण लोकं गोळ्या सोडतीन, हे माह्या डोक्यातच नाई आलं. चुकलंच माहं. आजच मायले दवाखान्यात न्या, डॉक्टरले सारं सांगा —

अवो, आले का तुम्ही? हे वर्ध्याचे भाऊ, निघालेच! हाव, रिकाम्या हातानंच — चूर्ण संपलं म्हटलं. तो डबा? तो तुमचा हाय, आता कोणालेच नाई द्यायची मी त्यातलं. उठा ना भाऊ — पळा, गाडी चुकन!