यंत्राला पिसं

सन एकोणीसशे अडतीस, चैत्र सरत आलेला, करवंदं अजून हिरवी, आटगावच्या विहिरीत बारा परस खाली काळा खडक लागलेला, आणि आमचं यंत्र कुठं? तर मुंबईच्या गोदीत, पिंजऱ्यात बसून गातंय! हसू नका. हसण्यासारखं काय आहे त्यात? खडकात सुरुंग उडवला की वाईट वारा तळाला बसून राहतो. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, माणूस खाली उतरला की नुसता आडवा होतो... आमच्या टोळीतल्या बुधूला तसाच दोरानं ओढून काढला. तीन दिवस त्याला बायकोचं नाव आठवेना. बायको म्हणते, त्यात काय नवं, एरवी तरी कुठं आठवायचं!

म्हणून सुरुंगानंतर आधी टोपलीत कोंबडी सोडायची, ती वर येऊन फडफडली तरच माणूस उतरायचा, ही आमची रीत. पण विहिरीचे कंत्राटदार पडले शिकलेले. कर्णिक म्हणून, कोट घालून काठावर उभे राहणारे. "मुकादम, कोंबडी हे काय शास्त्र झालं? विलायतेला खाणीत कॅनरी नेतात. इवलासा पिवळा पक्षी, पण हवा जरा बिघडली की माणसाच्या आधी मान टाकतो. मी मागवलाय." हे बुधूनं ऐकलं आणि पहार खाली ठेवली. "आमी नाय उतरणार, दादा. इलायती पाखरू येऊ दे, मंग बगू." सगळी टोळीच बसली! आता पावसाच्या आत पाणी लागलं नाही, तर दरड ढासळून विहीर बुजणार, आणि गावच्या बाया पुढल्या उन्हाळ्यातही ओढ्यात झरे उकरत बसणार. कुणाची विहीर म्हणतील? माझी! पण मी गप्प. मुकादमाला जास्त बोलणं शोभत नाही.

तर या कर्णिकांनी मालाच्या कागदावर लिहिलं काय? 'विषारी वायू ओळखण्याचं यंत्र, नग एक.' यंत्राला जकात कमी ना! गोदीत पेटी उघडली, तर यंत्रानं साहेबाच्या तोंडावर शीळ घातली. झालं! अडकवली. कर्णिक मला म्हणाले, "तुम्हीच जा. वापरणारे तुम्ही. एवढंच सांगा, हे यंत्र आहे."

गेलो. पागोटं बांधून गेलो. कचेरीत एक कारकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "काय हो मुकादम, हे काय आहे?" म्हटलं, यंत्र. "अहो, याला पिसं आहेत!" म्हटलं, असतील. "आणि खातं काय?" म्हटलं, राळे. "मग राळ्यांची जकात वेगळी!" तो उठून मोठ्या साहेबांना घेऊन आला. आधी पोट आलं, मागून साहेब. "हा पक्षी आहे. गुरांच्या डॉक्टरचा दाखला आणा!" कारकून म्हणतो, "साहेब, गातो आहे, तर वाद्यांत बसेल का?" "वाद्य वाजवावं लागतं. हे आपलं आपण वाजतं." "मग ग्रामोफोन?" तुम्हाला सांगतो, उशीएवढं पुस्तक घेऊन बसले दोघं. घोड्याच्या नालापासून बाळाच्या दुधापर्यंत सगळं त्यात, पण मेल्यावरच कामाला येणारी वस्तू कुठल्या पानावर, ते काही सापडेना! साहेब म्हणाले, "एकदा वापरलं की संपलं ना? मग काडेपेटीत घाला." काडेपेटीत! विलायतेहून आलेला जीव! पण मी गप्प. मुकादमाला जास्त बोलणं शोभत नाही.

"आणि यंत्र असेल, तर चालवून दाखवा!" आता काय करता? चहाची शेगडी आणली, पिंजऱ्याशेजारी ठेवली, कोळशाचा वारा कोंडावा म्हणून वर घोंगडी टाकली. शीळ बंद. जरा वेळानं घोंगडी उचलली, तर पाखरू दांडीवर डुलतंय, पंख सैल... आणि काय सांगू, तोच कारकून ओरडला, "अहो, मरेल ना ते!" साहेबांनी धावत जाऊन खिडकी उघडली, जकातीच्या पुस्तकानं वारा घातला, आपल्या पेल्यातलं पाणी चोचीला लावलं. पाखरानं डोळा उघडला तेव्हा कुठं साहेब खाली बसले. "यंत्र आहे, यंत्र! शिक्का मारा आणि न्या ते इथून, माझ्यानं बघवत नाही."

आणलं गावाला. सुरुंग उडवला. म्हटलं, सोड रे बुधू पिंजरा. तर हा पिंजरा पोटाशी धरून बसलेला, बोटानं राळे भरवतोय! "नाय, दादा. एवड्या लांबून आलाय, पावना हाय तो. त्याला नाय सोडणार. हवं तर मीच उतरतो." ऐकलंत? ज्या पाखरावाचून हा उतरत नव्हता, त्या पाखरासाठी हा मरायला उतरतोय! कमरेला दोर बांधला की हो त्यानं! इथं मात्र मी बोललो. काय बोललो ते बायामाणसांत सांगता येत नाही. बोलता बोलता शेजारच्या धोंडीबाईच्या परड्यातून समोर आली ती कोंबडी उचलली, टोपलीत घातली, सोडली. वर ओढली, तर मान लोंबतेय. बुधूनं कोंबडीकडं बघितलं, गुपचूप दोर सोडला आणि माझ्या पायाशी बसला.

दुसऱ्या दिवशी दोराला झाडाच्या फांद्या बांधून खाली सोडल्या, वारा घुसळून काढला, मग माणसं उतरली, आणि आठवड्यात पाणी लागलं. थंडगार. सगळं गाव काठावर, आणि गर्दीतून वाट काढत धोंडीबाई. "मुकादम, माजी अंड्यावरची कोंबडी!" म्हटलं, बाई, दुसरी देतो. "दुसरी नको. तो पिवळा द्या."

कर्णिक मधे आले. "अहो, ते यंत्र आहे! शिक्का आहे त्यावर! मी हिशेबात काय लिहू?"

म्हटलं, लिहा, एका यंत्राच्या बदली दुसरं यंत्र दिलं.

पिंजरा तिच्या हाती दिला. फिटलं.