दोन्ही हात बटणावर

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपले कारखानाप्रमुख माननीय काळोखे साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, जिच्यासाठी आपण गुरुवारच्या सुट्टीतही कंपनीत आलो ती सत्कारमूर्ती साबिया सिस्टर, आणि कॅन्टीनमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, तब्येती कशा आहेत?

नुसतं ‘बरी आहे’ म्हणू नका. एकेकाला विचारतो. काळोखे साहेब, गुडघा काय म्हणतो? मान डोलावलीत, पण गुडघा मात्र धरूनच ठेवलात. तौफिक भाऊ, कंबर? बसायला उशी आणलीय, म्हणजे कळलं. कॅन्टीनच्या कौशल्याबाई, पोळ्या लाटून धरलेला तुमचा खांदा? लाटणं उगारून दाखवताय, म्हणजे छान आहे. गेटवरच्या दादांचा खोकला? खोकून उत्तर दिलंत, आभारी आहे. आमच्या सौभाग्यवती अंबूबाई दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारत नाही. त्या माझ्याच तब्येतीचं सांगत बसतील.

ही विचारपूस करायची खोड मला सिस्टरनं लावली. कंपनीतल्या तिच्या दवाखान्यात बोटाला खरचटलं म्हणून गेलं, तरी घरातल्या म्हातारीच्या दाढेपर्यंत चौकशी व्हायची.

मी चिमाजी, प्रेस शॉपवाला. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं सगळं शिक्षण भेळेच्या कागदावर. पण भेळेचा कागद कधी अख्खा मिळतो का हो? त्यामुळे माझ्या बोलण्याला सुरुवात असते, शेवट फाटलेला असतो. तेवढं सांभाळून घ्या.

तर माझी आणि सिस्टरची ओळख आमटीवरून झाली. मला एकाएकी तहान लागायला लागली. कूलरशी मी असा उभा राहायचो की लोकांना वाटावं, माझी ड्यूटीच तिथं लागलीय. मी सरळ तक्रार केली, आमटी खारट होते म्हणून. कौशल्याबाई पदर खोचून आल्या. ‘काका, सगळी कंपनी खाते, तहान तुम्हा एकट्यालाच कशी?’ सिस्टर तिथंच जेवत होती. हातातला घास खाली ठेवून म्हणाली, ‘काका, जरा बोट द्या बघू.’

बोट दिलं आणि साखर निघाली. आमटी निर्दोष सुटली. कौशल्याबाई, त्या तक्रारीबद्दल आज या भरल्या सभेत... राहू द्या, लाटणं खाली ठेवा.

पुढे गोळ्या झाल्या. साखरेनं गोळ्यांचं ऐकलं नाही. मग डॉक्टर म्हणाले, आता इन्सुलिन. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, चिमाजी, आटोपलं. तोंड पाडून दवाखान्यात बसलो. सिस्टर म्हणाली, ‘काका, प्रेसमधलं तेल कमी झालं तर तुम्ही प्रेस भंगारात घालता?’

‘छे गं! तेल घालतो.’

‘मग? तुमच्या अंगातलं तेल कमी पडतंय. वरून घालायचं. झालं.’

तेल घालायला माझी ना नव्हती. पण ते घालायचं कुठून, तर पोटातून! आणि कुणी, तर माझं मी!

इथं पाहुण्यांसाठी एक सांगायला हवं. पत्रा दाबून कापणाऱ्या आमच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात दोन्ही बटणांवर, तरच वरचा साचा खाली येतो. एक हात मोकळा सोडून प्रेस चालली असती, तर आज इथं टाळ्या वाजवायला किती हात राहिले असते? उभी हयात मी हेच केलं आणि नव्या पोरांना हेच ओरडून शिकवलं. टोकदार काही खाली येणार म्हटलं की दोन्ही हात बटणावर!

आता त्या इन्सुलिनच्या पेनाला बटण आहे एकच. एका हातानं पोटाची कातडी चिमटीत धरायची, दुसऱ्या हातानं सुई टोचून अंगठ्यानं बटण दाबायचं. मी चिमटी धरली, पेन उचललं, सुई जवळ आणली, आणि माझा डावा हात पोट सोडून आपोआप बटणावर! दोन्ही अंगठे बटणावर, सुई हवेत, औषध भिंतीवरच्या कॅलेंडरवर. सिस्टर म्हणाली, ‘काका, साखर तुम्हाला आहे, जून महिन्याला नाही.’

पुन्हा केलं. पुन्हा तेच. शिकायला म्हणून सोबत आलेल्या अंबूबाईंना म्हटलं, तुम्ही पोट धरा. त्यांनी धरलं, तर मला गुदगुल्या. मी हसलो, पोट हललं, ते हलताना बघून त्या हसल्या. मग म्हटलं, तुम्हीच टोचा. त्या म्हणाल्या, ‘मला न्हाई जमायचं. सुई बघूनच माझ्या पायाला मुंग्या येत्यात.’ आणि खरंच मटकन खाली बसल्या. त्या दिवशी सिस्टरला दोन पेशंट झाले.

शेवटी ती म्हणाली, ‘द्या इकडे. आजच्या दिवस मी देते.’

मंडळी, तो ‘आजचा दिवस’ अजून संपलेला नाही. रोज दुपारी जेवणाआधी दवाखान्यात, आणि गुरुवारी थेरगावात तिच्या घरी. तिच्या सासूबाई शहाजादी खाला दारातूनच हाक देतात, ‘साबिया, तेरे पेटवाले काका आये!’ ईदला त्यांनी वाटीभर शीरखुर्मा पुढे केला. माझा हात वाटीपर्यंत पोचलासुद्धा. आतून आवाज आला, ‘दोनच चमचे, काका!’ भिंतीपलीकडून हिला दिसतं कसं?

आणि तिनं माझा जीव वाचवला तो प्रसंग. मोठे पाहुणे तपासणीला आले होते. सुई घेऊन झालेली, जेवायची वेळ झालेली आणि साहेब म्हणाले, काका, जरा प्रेस समजावून सांगा. समजावता समजावता मला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. आणि मी पाहुण्यांसमोर आपल्या अध्यक्षांचा दंड धरून म्हणालो, ‘अगं अंबू, वाढ की लवकर!’

हसा, हसा. साहेबही आज हसतायत, तेव्हा नव्हते हसले. सिस्टर साखरेचं पाणी घेऊन धावत आली म्हणून मी आज इथं उभा आहे. त्या दिवशी मला कायमचं कळलं की सुई घेतली की जेवण लांबवायचं नाही, समोर कुणीही असो.

तर अशी ही आमची सिस्टर. तिच्या यजमानांची बदली लातूरला झाली, उद्या सकाळी टेम्पो भरला जाणार. नव्या सिस्टर येतील तेव्हा येतील. पण भूक मला उद्याच लागणार ना? चार दिवस झाले, मला हीच काळजी लागलीय. काल तिला विचारलंही, ‘माझं कसं गं व्हायचं?’ ती म्हणाली, ‘काका, मी लातूरला चाललेय, तुमचा हात बरोबर नेत नाहीये.’

म्हणून मी एक ठरवून आलोय. पेन माझ्या खिशात आहे. आजची सुई अजून घ्यायची आहे. आपल्या कंपनीत पहिला तुकडा तपासून ‘ओके’ झाल्याशिवाय माल चालू होत नाही. सिस्टर, जाण्याआधी माझा पहिला तुकडा तपासून जा.

अध्यक्ष महाराज, परवानगी? तौफिक भाऊ, तुम्ही क्वालिटीवाले, पेनावरचा डोसचा आकडा बघा. बरोबर? सिस्टर, तुला दिलेली ती सत्काराची शाल जरा आडवी धर. अंबूबाई, दुसरं टोक तुम्ही धरा, आणि इकडे बघू नका. मागून ‘शुभमंगल’ कोण ओरडलं? आमचं झालंय एकदा!

हं. सुईच्या टोकाला थेंब आला. पोट धरलं. सुई... अरे, सुटला! डावा हात पुन्हा बटणाकडे निघाला! सिस्टर, तू पुढे येऊ नकोस. थांब.

काय म्हणालात अंबूबाई? मोठ्यानं!

‘अवो, प्वाट हेच दुसरं बटण समजा की!’

...

पोट हेच दुसरं बटण. डावा हात डाव्या बटणावर. उजवा हात उजव्या. दोन्ही हात कामाला.

दाबलं! सुई आत आहे. मंडळी, दहा मोजायचे असतात. मला सुधरत नाही, तुम्ही मोजा.

...

धन्यवाद. एवढ्या जोरात मोजायची गरज नव्हती. सिस्टर, बघ गं. तपास. ओके? नुसती मान नको, तोंडानं म्हण. आणि डोळे पूस, शाल नवी आहे.

आता मला भराभर आवरू द्या. अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाच्या आमटीला बोल लागला असेल, तर म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नका. सिस्टर, तू पोचलीस की पत्र मी घालीन, पण उत्तर लवकर दे. मोबाइलवर नुसता अंगठा पाठवू नकोस. चार ओळी लिही. खालांचे गुडघे, तुझी झोप, लातूरचं पाणी, सगळं लिही. मी माझी साखर लिहीन.

तुझ्याबद्दल अजून पुष्कळ सांगायचं होतं, पण सुई घेऊन झालीय आणि साहेब शेजारीच उभे आहेत. कौशल्याबाई, वाढा!