तालमीतल्या सुनावणीला आतून कडी लावल्याबाबत

जबाब देणारीचे नाव : गोदूबाई मारोतराव बारापात्रे, वय ६२ वर्षे, व्यवसाय : ऑर्डरप्रमाणे उपड्या माठावर भाजलेल्या लांब पोळ्या करून देणे (पूर्वी हातमागावर लुगडी विणणे), राहणार तांडापेठ, नागपूर.

ठाण्यातून बोलावणे आल्यावरून मी आज स्वतः हजर झाले असून, हवालदार रुपराव काळबांडे यांच्यासमोर, कोणी शिकवल्याशिवाय सांगते ते असे :

काल दुपारी सभागृहाचे व्यवस्थापक जितेंद्र यांनी ठाण्यात फोन करून कळवले की, स्वयंपाकाला आलेल्या बायकांनी एका साहेबांना व त्यांच्या कर्मचाऱ्यांना हॉलमध्ये कोंडून ठेवले आहे. कडी मी लावली हे खरे आहे. गुन्हा दाखल करायचा तर एकट्या माझ्यावर करावा, बाकीच्या बायकांना त्यात ओढू नये. माझे मागणे एवढेच होते की, मी जे बोलले ते मला वाचून दाखवा.

इथपर्यंत हवालदार साहेबांनी त्यांच्या भाषेत लिहिलं. पुढं त्यांनी "सदर इसमास" असं लिहाले घेतलं तं मी म्हटलं, मी चेतन साहेब म्हणाली, सदर इसम नाही म्हणाली. मी सांगते तसंच लिवा, नाई तं मी सही देत नाई. म्हणून खालचं माझ्याच बोलीत आहे.

चेतन रेवतकर साहेब म्हणजे नरखेडकडचे, संत्र्याच्या बागायतीच्या घरचे. नागपुरात त्यांचं ऑफिस आहे. कुठं कारखाना, पूल, धरण होणार असन तं त्यानं हवेचं, पाण्याचं, जनावरांचं, माणसांचं काय होईन, याचा अहवाल ते करून देतात. आता त्यांच्याकडं कोकणचं काम आलं. एक कंपनी तिथं भर समुद्रात खांब गाडून पवनचक्क्या उभ्या करणार आहे, वाऱ्यावर वीज काढाले. त्याच्या आधी किनाऱ्यावरच्या लोकांची सुनावणी घ्या लागते. चेतन साहेबांच्या माणसांनी समुद्राची सुनावणी कधी केली नव्हती, म्हणून त्यांनी इथं हॉल घेऊन तालीम ठेवली. जेवणाची ऑर्डर आमची होती. वांग्याची भाजी, वरण-भात अन् लांब पोळ्या.

कोळी म्हणून बसाले कॉलेजचे पोट्टे येणार होते. ते आलेच नाही. चेतन साहेब चुलीपाशी आले अन् म्हणाले, "मावशी, अर्धा घंटा येऊन बसता का? तुमी कोळणी. मनात येईन ते विचारा, नाई तं नुसते हात जोडा." अंजनाबाई माझ्यासंगं पोळ्या करते, ती म्हणे, "आमी तं कोष्टी आहो बाप्पा." साहेब म्हणे, "मंग आज जाळं विणा." आमी हात धुतले अन् जाऊन बसलो. अंजनाबाईनं तं लुगड्याचा काष्टा वर खोचला, कोळणी तशाच राह्यतात म्हणे. आमच्यापैकी एकीनंही समुद्र पाह्यला नाही. मी पाह्यलेलं सर्वात मोठं पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव.

साहेबांनी चांगलं समजावून सांगतलं, खोटं कशाले बोलू. खांब ठोकतानी पाण्याखाली मोठा आवाज होते, त्यानं डॉल्फिन अन् मासे दूर पळतात. दूरदेशाहून येणाऱ्या पाखरांची वाट पात्यांच्या मधात येते का, ते पाहा लागते. समुद्राच्या तळातून वायर येईन. खांबांच्या आसपास होड्यांना मनाई राहीन. अंजनाबाईनं विचारलं, "इतके पंखे फिरले तं बाकीच्याइले वारा उरन का?" सारे हासले. साहेब हासले नाही. उरते म्हणाले, अन् कसा उरते तेही सांगतलं. मले वाटलं, हा माणूस उत्तर देते, आपणही विचारावं.

मी उभी राह्यली. म्हटलं, "होड्यांना मनाई, तं आमी जाळं कुठं टाकाचं? अन् आवाजानं पळालेले मासे परत येतात का, हे कोणी पाह्यलं का?" साहेब म्हणाले, "आपली सूचना नोंदवली आहे." मी म्हटलं, "सूचना नाही जी, मी विचारून राहिली." ते म्हणाले, "नोंदवली आहे, धन्यवाद." अन् कार्यक्रम संपला, जेवण तयार आहे, असं माईकवर सांगून टाकलं. जेवण आमीच केलं होतं, ते आमालेच सांगून राहिले.

सकाळी ह्याच साहेबांनी आपल्या पोरापोरींना नियम शिकवला होता. मी पोळी टाकता टाकता ऐकला. सुनावणी संपली की लोक जे बोलले ते सारं त्यांच्याच भाषेत, सर्वांसमोर वाचून दाखवा लागते. मी म्हटलं, वाचा. ते म्हणाले, "मावशी, ही तालीम आहे." मी म्हटलं, "तालमीत वाचत नाई, तं खऱ्यात काहून वाचसान?" अन् उठून दाराले कडी लावली. कडी आतून लावली. मीही आतच होती, म्हणून कोंडलं हा शब्द मले पटत नाही. भाईर पोळ्या वातड होऊन राहिल्या होत्या, अन् वातड पोळी वाढली तं आमची अब्रू जाते. तरी मी दारापाशी बसून राह्यली.

मंग साहेबांनी काजलले वाचाले सांगतलं. काजल म्हणजे त्यांच्या ऑफिसातली पोरगी, लिहून घ्याचं काम तिच्याकडं होतं. तिनं उभं राहून वाचलं, "उपस्थित महिलांनी प्रकल्पाचे स्वागत केले." पुढं काहीच नव्हतं. साहेबांनी विचारलं, हे काय? काजल म्हणे, "सर, जुन्या अहवालांत शेवटी असंच राह्यते. मी सकाळीच लिहून ठेवलं." पोरगी नवीन आहे, तिच्यावर माझा राग नाही. राग त्या वाक्याचा आला, अन् भल्ला आला.

तेच वाक्य आमच्या घरी आधी येऊन गेलं आहे. उमरेडकडं माझ्या माहेरी खाणीची सुनावणी झाली होती, त्याले आता वीस-पंचवीस वर्षं झाली. माझे वडील भैय्याजी निखारे तिथं उभे राह्यले. हा माणूस घरातही मोठ्यानं बोलत नव्हता. मागावर बसून बसून पाठ केलं अन् एकच विचारलं, "खाणीनं माझ्या हिरीचं पाणी गेलं, तं मी सूत कशात भिजवू?" वरचे साहेब म्हणाले, नोंदवलं. वडील खुशीत घरी आले. सरकारनं माझं लिवून घेतलं म्हणून गल्लीतल्या साऱ्याइले चहा पाजला. पुढं कागद आला, त्यात "ग्रामस्थांनी प्रकल्पाचे स्वागत केले" एवढंच होतं. त्यांचं नाव नव्हतं. पाणी गेलं ते गेलंच. पण मरेपर्यंत ते पाण्याचं कमी अन् हेच जास्त विचारत, "मी बोललो होतो ना वं, गोदू? तू होती ना तिथं?" मी होती. हे सारं मी हॉलमधी बोलली. बोलतानी मले रडू आलं, तेही लिवा.

चेतन साहेबांनी माईक खाली ठेवला. स्टेजवरून खाली आले, सतरंजीवर आमच्यात बसले, काजलचा कागद बाजूले ठेवला अन् स्वतः लिहाले लागले. नाव विचारलं. मी म्हटलं, "कोळणीचं सांगू का माझं?" ते म्हणाले, "तुमचं." मंग एकेकीले विचारून लिहिलं. अंजनाबाईचा वाराही लिहिला. आमच्यातली देवकी इतका वेळ गप्प होती, तिलेही वाटलं आपण काहून मागं राहाचं. तिनं विचारलं, धुक्यात ते खांब होडीवाल्याले दिसतीन का. सारं लिहून झालं अन् साहेबांनी वाचाले घेतलं.

तेवढ्यात दार वाजलं. मी उठून कडी काढली. हवालदार काळबांडे साहेब अन् जितेंद्र होते. वाचणं चालू होतं म्हणून मी म्हटलं, "बसा जी, मधात बोलू नका." हवालदार साहेब टोपी मांडीवर घेऊन बसले. सारं ऐकल्यावर त्यांनीही हात वर केला अन् विचारलं की, एवढ्या आवाजानं मासे बहिरे होत असतीन का. हे जबाबात नको म्हणून राहिले, पण झालं ते झालं. त्यांचा प्रश्न सर्वात शेवटी, नावासकट लिहिला आहे.

माझ्या प्रश्नाखाली चेतन साहेबांनी लिहिलं की, मनाईची हद्द अजून ठरली नाही, मासे परत येतात का ते शोधून सांगावं लागेल, आज उत्तर नाही. मले हे आवडलं. ऐकावं जनाचं, करावं मनाचं, हे तं जगात चालतच राह्यते, पण त्यातही पहिले ऐका तं लागते ना. कोकणात कोणी हे विचारो का न विचारो, उत्तर काढूनच जाईन, असं ते म्हणाले. मंग सारे जेवले. पोळ्या वातड झाल्याच होत्या. हवालदार साहेबांनी तरी चार खाल्ल्या.

आपली काही तक्रार नाही, हे चेतन साहेबांनी आज सकाळी ठाण्यात येऊन सांगतलं आहे, असं मले कळलं. माझीही कोणावर तक्रार नाही. जितेंद्रनं फोन केला त्यात त्याचं काही चुकलं नाही, भाईरून पाहणाऱ्याले तसंच वाटन.

हा जबाब हवालदार साहेबांनी मले पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. माझ्या वडिलांपाशी आल्यावर मी त्यांना थांबवलं, अन् तेवढं पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं वाचा म्हटलं. त्यांनी वाचलं. ठाण्यात बसलेल्या साऱ्याइले ऐकू गेलं. भैय्याजी निखारे बोलले होते. बरोबर लिहिलं आहे.

सही : गोदूबाई मा. बारापात्रे

माझ्यासमोर : रुपराव काळबांडे, हवालदार